चूलबंद आवतण

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडलो. ‘आधी धाकट्याचा जमिनीचा हिशेब मिटवतो, पिणं पुरतं सुटू दे, मग देवासमोर येईन.’ सात वर्षं तू उपासनेला आला नाहीस. मला वाटायचं, तुझं मंडळीतल्या कुणाशी बिनसलं असेल. लाजेपायी येत नाहीस हे आज कळलं. मी कधी विचारलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

ताईचं लग्न आठवतं ना? बाबांनी शेजारच्या तात्यांना चूलबंद आवतण, म्हणजे अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं, दिलं होतं. तात्यांनी बांध कोरलेला, त्यावरून दोन्ही घरांत बरीच वर्षं बोलणं नव्हतं. पंगत बसायच्या वेळेला त्यांच्या घरावरून धूर निघताना दिसला. चूलबंद आवतण असताना चूल पेटली, म्हणजे माणसं येत नाहीत. आई म्हणाली, जाऊ द्या. बाबा तसेच उन्हातून निघाले, पायात वहाणही घातली नाही. तिथं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण थोड्या वेळानं तात्या बायकापोरांसह मांडवात आले. बाबांनी स्वतः त्यांना वाढलं. बांधाचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. पुढं पेरणीआधी तात्यांनी आपण होऊन खुणेचा दगड मूळ जागी नेऊन रोवला.

तुझ्या पत्रात मला तो धूर दिसला.

लूकच्या शुभवर्तमानातल्या चौदाव्या अध्यायातला मेजवानीचा दाखला, येशूनं सांगितलेली ती गोष्ट, आपण रविवारच्या शब्बाथशाळेत पाठ केलेली. धन्यानं बोलावलेले ऐनवेळी आले नाहीत. एकानं शेत घेतलेलं, दुसऱ्यानं बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालेलं. यातलं एकही पाप नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. तिघांनाही आधी आपलं काम उरकायचं होतं. आणि बसलं कोण, तर गल्लीबोळांतले गरीब, आंधळे, लंगडे. त्यांच्याजवळ उरकायला काही नव्हतं. तरीही जागा उरली, तेव्हा धनी चाकराला सांगतो, रस्त्यांवर आणि कुंपणांपाशी जा, आग्रह करून माणसं आत आण. आग्रह म्हणजे काय, हे पंगतीत वाढलेल्या आपल्याला कुणी शिकवायला नको. हात आडवा धरला तरी वाढणारा पुढं जात नाही.

जमिनीचं मिटवू नकोस असं मी म्हणत नाही. धाकट्याचं त्याला मिळायलाच हवं. पण जक्कय आठव. यरीहो गावचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला, उंबरावर चढून बसलेला. येशूनं त्याला आधी हिशेब मागितला नाही. ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे,’ एवढंच म्हणाला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याचं चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलला, आणि आनंदानं बोलला. तुझ्या धाकट्याचा वाटाही त्याच आनंदात सुटेल असं मला मनापासून वाटतं. सात वर्षं लाजेनं तो सुटलेला नाही.

तू लिहिलंस, ‘मी जन्मानं ख्रिस्ती, मला यातलं सगळं ठाऊक आहे.’ पंडिता रमाबाईंना तुझ्यामाझ्यापेक्षा पुष्कळ ठाऊक होतं. 1883 साली इंग्लंडमध्ये वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं, की आठेक वर्षांनी ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. एवढी विदुषी, संस्कृत पंडिता, विधवांसाठी शारदा सदन चालवणारी! चांगली कामं हातात होती, आणि तरी मन रिकामं होतं. मग त्या जशा होत्या तशा त्याच्याकडे गेल्या. निराधार बायकांना आसरा देणारं केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. मला या बाईंचा हा कबुलीजबाब त्यांच्या सगळ्या पांडित्याहून मोठा वाटतो.

हे बोलावणं फुकट आहे, म्हणून जेवण हलकं आहे असं समजू नकोस. पंगतीचा सगळा खर्च यजमानानं वधस्तंभावर सोसला आहे. म्हणूनच आपली भाकर घरून बांधून नेली तर त्याला लागतं. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या’ या येशूच्या वचनात ‘सर्व’ म्हटलंय. तुझं नाव वगळलेलं मला तरी कुठं दिसत नाही.

आणि पिण्याचं. पुरतं सुटेपर्यंत थांबलास तर तू एकटाच झुंजत राहशील. रात्री तल्लफ आली की मला फोन कर. कितीही वाजलेले असोत, मी उचलेन.

शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं मी तुझ्याकडे येतोय. रविवारी उपासनेला यायचं की नाही ते तू सकाळी ठरव, मी शब्द टाकणार नाही. पण शनिवारी रात्री आपण दोघं गुडघे टेकून प्रार्थना करू, लहानपणी तुमच्या ओट्यावर करायचो तशी. वहिनींना सांग, स्वयंपाक करू नका. पिठलं, भाकरी, ठेचा, सगळं इकडून घेऊन येतो. त्या दिवशी तुमची चूल बंद.

तुझाच,
लंगोटीयार