‘ऑनलाइन घ्या’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बिघडले, इमारतीची दुरुस्ती निघाली, की हल्ली सहज सुचवले जाते, ‘मग वर्ग ऑनलाइन घ्या.’ जणू करोनाकाळात ते सगळे नीट जमून गेले होते. मी तेव्हा पाचवीला गणित शिकवत होते. काय जमले आणि काय नाही, हे मोबाइलसमोर बसलेल्यांपैकी एकीने सांगावे म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ जाहीर केली, तेव्हा मला मोबाइलवर फार तर फोटो पाठवता येत होता. पुढच्या काही दिवसांत डब्यांवर पुस्तके, पुस्तकांवर मोबाइल असा मनोरा उभा राहिला. पहिल्या दिवशी समोरच्या कॅमेऱ्यापुढे पाटी धरली तर पडद्यावर आकडे उलटे! मुलांना ते सुलटेच दिसतात हे कळेपर्यंत मी दोन दिवस उलटे आकडे गिरवत होते. (हसू नका, सात बऱ्यापैकी जमला होता.)

पाढ्यांचे मात्र हसण्यासारखे नव्हते. वर्गात पाढे एका सुरात चालतात, अडखळणारा इतरांच्या आवाजाला धरून पुढे सरकतो. ऑनलाइन प्रत्येकाचा आवाज वेगळ्या उशिराने पोचतो, शिवाय एक मोठा आवाज पुढे आला की बाकीचे दबतात. कोणी ‘सात पंचे’वर, कोणी अजून ‘सात चोक’वर. दुसऱ्या मिनिटाला मी सगळ्यांना म्यूट केले. मग पाढे बंद माइकमागे म्हणायचे आणि मी ओठ बघायचे, ज्यांचे कॅमेरे चालू असतील त्यांचे.

खरी पंचाईत भागाकाराची. बाकांमधून फिरताना मूल चुकते ते त्याच क्षणी दिसते. पुढचा अंक खाली घ्यायचा राहिला, भागाकारात शून्य द्यायचे राहिले. नुसते बोट ठेवले तरी पुरते. इथे हाती यायचा रात्री साडेनऊला आलेला फोटो, आडवा, हाताची सावली पडलेला. चूक दिसायची, पण ती करून मूल झोपून गेलेले असायचे. एकदा अकरा वह्यांत ६ × ७ = ४४ निघाले. खरे तर रागवायला हवे होते. पण मुले एकमेकांशी बोलताहेत, एवढ्यानेच मला इतके बरे वाटले की मी नुसते ४२ लिहून वह्या परत केल्या.

त्यातल्या त्यात उपयोगी पडला तो साधा फोन. संध्याकाळी घरातला मोबाइल मोकळा झाला की चार-चार मुलांना एकत्र लावायचा. पडदा नाही, चित्र नाही. ‘वही घे, आणि लिहिताना मोठ्याने बोल.’ मूल ‘हातचा दोन...’ म्हणून थांबले की कुठे अडले ते मला ऐकू यायचे. पण हिशेब करा. मुले चाळीस, म्हणजे फोन दहा, प्रत्येकी वीस मिनिटे. २०० मिनिटे, तीही सकाळचे वर्ग आटोपल्यावर. ज्यांना ऑनलाइन हवे आहे त्यांनी हा वेळ वेळापत्रकात धरावा आणि त्यासाठी सकाळचे पडद्यावरचे तास कमी करावेत, एवढीच माझी मागणी आहे.

एक आकड्यांबद्दल. शाळाबंदीचा फटका १९० हून अधिक देशांतल्या सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांना बसल्याचे संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट २०२० मध्ये म्हटले होते. आमच्याकडून त्या काळात दर आठवड्याला तक्ता मागवला जाई. वर्गाच्या ग्रुपमध्ये चाळीस नंबर होते, म्हणून ‘ऑनलाइन जोडलेले विद्यार्थी’ या रकान्यात चाळीस. त्यातली सहा मुले शाळा उघडेपर्यंत मला एकदाही दिसली नाहीत की ऐकू आली नाहीत. मी दर शनिवारी ४० लिहीत राहिले. त्या तक्त्यांवर सही माझीच आहे.

– एक गणित शिक्षिका