रस्त्याची डावी दीड मीटर कड आम्हाला द्या : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पाच दिवस, 437 किलोमीटर. त्या मार्गावर नवं डांबर पडलं, गतिरोधक काढले गेले. त्याबद्दल आभार. मनावर घेतलं की काम होतं, हे सगळ्या शहराने पाहिलं. मग पहाटे पेपर टाकणाऱ्या, पाळीवर जाणाऱ्या, रविवारी सिंहगड चढणाऱ्या सायकलवाल्यांसाठी ते का होत नाही?

2017 साली पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्यात 824 किलोमीटरचं जाळं आहे. ते आज आम्ही मागतच नाही. आहे त्या रस्त्याची डावी दीड मीटर कड सायकल चालवण्याजोगी करा, एवढीच मागणी आहे. कारण नियम सांगतो डावीकडून चला, आणि शहरातलं सगळं वाईट काम नेमकं तिथेच होतं.

पावसाळी गटाराच्या जाळ्या बघा. कित्येक ठिकाणी त्यांच्या सळ्या वाहतुकीच्या दिशेने, उभ्या बसवलेल्या आहेत. रोड बाइकचा, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या वेगवान सायकलचा, टायर 25 ते 28 मिलिमीटर रुंद असतो. सळ्यांमधली फट त्याहून मोठी. पुढचं चाक आत जातं, जागच्या जागी अडकतं आणि माणूस हँडलवरून तोंडावर पडतो. साध्या काळ्या सायकलचा 28 बाय दीड इंची टायर आत गेला नाही, तरी रिम वाकते, स्पोक तुटतात. उपाय अगदी साधा आहे. जाळी चारी बाजूंनी सारखी असेल तर काढून काटकोनात फिरवून बसवा. नसेल तर दर वितीवर एक आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करा. एक वेल्डर आणि दोन मजूर दिवसभरात अख्खा रस्ता उरकतील. यासाठी कोणता निधी अडला आहे?

केबलसाठी खोदलेला चरही डावीकडेच असतो. तो बुजवताना माती थराथराने टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबायचा असतो. वीतभर थर, मग दाबणी, मग पुढचा थर. प्रत्यक्षात सगळा राडारोडा एकदम लोटतात आणि वर डांबराचा पातळ लेप देतात. पहिल्या पावसात चर खचतो आणि रस्त्याला समांतर लांबच लांब कड तयार होते. आडवा खड्डा एकवेळ परवडला. चाक आदळतं, ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, पंक्चर काढून पुढे जाता येतं. समांतर कड मात्र चाक धरून ठेवते. ते बाहेर काढायला हँडल वळवलं की सायकल खालून निसटते, आणि मागून बस येत असते.

प्लास्टिकचे गतिरोधक तर कुणाच्या हिताचे आहेत तेच कळत नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते परिषदेचं (इंडियन रोड्स काँग्रेस) माप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलाईचा उंचवटा असं आहे. आपल्याकडे फूटभर रुंदीचे तुकडे ठोकतात. ते तुटतात आणि बोल्ट वर राहतात, अंधारात न दिसणारे. एकदा आतून टायर फाटलेला हातात घेऊन बघा.

आता घाट. सिंहगडाचा घाट गोळेवाडीपासून साधारण नऊ किलोमीटर, पुण्यातल्या प्रत्येक सायकलपटूची परीक्षा तिथेच होते. चढताना त्रास फक्त गाड्यांचा. पहाटे सहाच्या आत चढायला लागलं आणि गर्दी व्हायच्या आत खाली आलं तर तोही टळतो. धोका उतरताना आहे. डाव्या वळणांवर सायकल आतल्या कडेने जाते आणि डोंगरावरून वाहून आलेली माती आणि कच तिथेच साचते. कचेवर ब्रेक दाबला की मागचं चाक घसरलंच. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, शुक्रवारी आणि मंगळवारी म्हणा, वळणं खराट्याने झाडून घ्या. बोपदेव घाटालाही हेच लागू आहे. जुन्या कात्रज बोगद्यात तोंडाशीच प्रखर दिवे लावा. उन्हातून आत शिरल्यावर काही क्षण खालचं काहीच दिसत नाही. खडकवासल्याच्या चौपाटीवर सुट्टीच्या दिवशी गाड्या कडेला लावू देऊ नका. पानशेतकडे जाणारा प्रत्येक सायकलवाला तिथे रस्त्याच्या मध्यावर ढकलला जातो.

शहरातले सायकल ट्रॅक वेगळ्या पत्राचा विषय आहेत. सातारा रस्त्याचा ट्रॅक आठवला तरी संताप येतो. मध्येच खांब, मध्येच बसथांबा, मध्येच दुचाकींची रांग, आणि चौक आला की ट्रॅक गायब. म्हणजे जिथे सर्वांत जास्त गरज, तिथेच तो नाही. ट्रॅकवर चढायउतरायची फरशी रस्त्याच्या अगदी पातळीत नसेल, दोन बोटं जरी वर असेल, तरी तिरक्या चाकाने माणूस पडतो. हे आखणाऱ्याने स्वतः कधी सायकलवरून बघितलं आहे का?

मूळ दुखणं पुढेच आहे, साहेब. रस्ता एका खात्याचा, चेंबर दुसऱ्याचं, केबल तिसऱ्याची, घाट चौथ्याचा. तक्रार केली की ती या टेबलावरून त्या टेबलावर जाते आणि शेवटी 'निकाली काढली' असा संदेश येतो. खड्डा तिथेच असतो. मोजमाप वहीत डांबराची लांबीरुंदी लिहिली जाते; कड कशी सोडली याचा रकाना नाही. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, चालू असताना दुरुस्तीचा खर्च आमच्या करातून का होतो? कुणावरच जबाबदारी नाही म्हणून कुणालाच भीती नाही. उड्डाणपुलांना हजारो कोटी मिळतात आणि जाळी फिरवायला माणूस मिळत नाही, ही या राज्यातल्या नगरनियोजनाची खरी स्थिती आहे.

जूनच्या आत तीन गोष्टी करा. सगळ्या उभ्या जाळ्या आडव्या करा. कडेचा चर नीट बुजवल्याचा फोटो आणि अभियंत्याची सही असल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका. आणि प्रत्येक रस्त्याच्या डाव्या कडेला जबाबदार असलेल्या एका अधिकाऱ्याचं नाव व फोन नंबर तिथेच फलकावर लावा. सिंहगड रस्त्यापासून सुरुवात करा. पाहणीला आपण सायकलवर येणार असाल तर आम्ही सोबत येऊ.

आपले,
पुण्यातील सायकलस्वार