कोर्टाच्या दाव्याबद्दल, सविस्तर

लेस्टर, रविवार

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तब्येत, जेवण, ऑफिस सगळं नेहमीसारखंच, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. परवा फोनवर आईचा आवाज ऐकला आणि अप्पाकाकांनी माझ्या कोर्टाच्या दाव्याबद्दल घरात काय पेरून ठेवलंय ते लक्षात आलं. फोनवर हा विषय काढला की मधेच कुकरची शिट्टी होते, नाहीतर शेजारच्या काकू येतात, आणि अर्धवट ऐकलेलं जास्त घाबरवतं. म्हणून लिहूनच कळवते.

माझ्यावर कोणीही केस केलेली नाही. मी केली आहे, एका मोठ्या ऑनलाइन दुकानावर, न पोचलेल्या लॅपटॉपच्या ६४९ पौंडांसाठी. हा दिवाणी दावा आहे. पोलीस, अटक, जामीन यातलं काही त्यात येत नाही, आणि आपण कोणावर पैशांचा दावा लावला म्हणून व्हिसा अडत नाही. वकील लावलेला नाही, लावायची गरजही नाही. अप्पाकाका म्हणाले, "हरली तर कंपनीच्या वकिलांचं बिल हिच्या डोक्यावर." तसं होत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे साधे दावे 'स्मॉल क्लेम्स' म्हणून चालतात आणि त्यात हरणाऱ्याकडून समोरच्याच्या वकिलाची फी सहसा वसूल होत नाही. कोणी मुद्दाम खोटेपणा किंवा अडवणूक केली तरच न्यायाधीश तसा आदेश देतात. मी हरले तर भरलेली फी जाईल, आणि फार तर त्यांच्या साक्षीदाराचा जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला पगार, बस्स. (ग्लासगोच्या मिलिंददादाला हे पत्र वाचून दाखवू नका. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आणि मर्यादा ५,००० ची, तो उगाच वाद घालेल.)

आता बाबांचा प्रश्न: पार्सल मिळालंच नाही, तर ते लोक "दिलं" असं म्हणतातच कसं? यासाठी इथली एक तऱ्हा समजून घ्यावी लागेल, कारण ती आपल्याकडच्या माणसाला पटणं अवघड आहे. इथे कुरिअरवाला पार्सल हातात देईलच असं नाही. तो दार वाजवतो, खोकं उंबऱ्याबाहेर ठेवतो, दोन पावलं मागे सरकून मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आणि निघून जातो. दार उघडेपर्यंत त्याची गाडी कोपऱ्यावर गेलेली असते. घरात कोणी नसेल तर खोकं कचऱ्याच्या डब्यामागे ठेवतात, पायपुसण्याखाली सारतात, किंवा सरळ शेजाऱ्याकडे देतात. शेजारीही नाव-गाव न विचारता घेतो आणि तुमच्या दारातून एक कार्ड आत पडतं: पार्सल अमुक नंबरच्या घरी आहे. मग ज्याच्याशी कधी बोललो नाही त्याच्या दारात जाऊन "माझं खोकं आहे का" असं विचारायचं. हो आई, महागडी वस्तूसुद्धा. हो, पावसातसुद्धा. सही घेणं कोविडच्या काळात बरंचसं बंद पडलं आणि मग पुरतं परत आलंच नाही. याचं इथे कोणाला काही वाटत नाही. बहुतेक वेळा खोकं जागेवर मिळतंही, म्हणून तर ही पद्धत टिकली आहे.

मला कंपनीनं पुरावा म्हणून असाच एक फोटो पाठवला. राखाडी पायपुसणं, दाराचा खालचा अर्धा भाग, गुडघ्याच्या उंचीवर पितळी टपालफट (पत्रं आत टाकायची दारातली खाच), आणि खोक्याचा एक कोपरा. घराचा नंबर कुठेच नाही. आमच्या इमारतीला टपालफट नाही, खाली सगळ्यांच्या पत्रपेट्या एका रांगेत आहेत. म्हणजे ते दार आमचं नव्हेच.

इथला कायदा अशा वेळी गिऱ्हाइकाच्या बाजूनं अगदी स्पष्ट आहे. २०१५ चा ग्राहक हक्क कायदा, कलम २९: वस्तू गिऱ्हाइकाच्या किंवा त्यानं नेमून दिलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत तिची जोखीम विकणाऱ्याची. कुरिअर दुकानानं ठरवलेलं असेल तर वाटेत काय झालं हा त्या दोघांचा प्रश्न. कंपनीच्या अटींत काहीही लिहिलं असलं तरी हे कलम त्यांना बाजूला सारता येत नाही. एकच पळवाट आहे: आपणच अर्जात "डब्यामागे ठेवा" किंवा "शेजारी द्या" असं निवडलं असेल तर बाजू लंगडी पडते. म्हणून ऑर्डर देताना तो रकाना रिकामा ठेवावा.

तरीही आधी गोडीनं मागावंच लागतं, आणि तिथेच लोक थकतात. चॅटवर रोज नवा माणूस, रोज तीच उत्तरं: तपास चालू आहे, ४८ तास थांबा, पोलिसात तक्रार देऊन क्रमांक कळवा. पोलिसांची अट कायद्यात कुठेच नाही. चोरी झाली असेल तर ती त्यांच्या मालाची झाली. चॅटची खिडकी बंद करण्याआधी सगळं संभाषण स्वतःच्या ईमेलवर मागवून घ्यायचं, नंतर ते मिळेलच याची खात्री नाही. आणखी एक उपयोगी हत्यार म्हणजे माहिती-संरक्षण कायद्याखालचा अर्ज: "माझ्याबद्दल तुमच्याकडे आहे ती सगळी माहिती द्या." तो फुकट आहे आणि एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ऑर्डरच्या नोंदी, फोनवरच्या बोलण्याच्या टिपणी आणि कधीकधी पार्सल ठेवल्याच्या जागेचे नकाशावरचे आकडेसुद्धा त्यातून निघतात.

"बँकेकडून का नाही घेतले?" असं बाबा विचारणार. क्रेडिट कार्डानं १०० ते ३०,००० पौंडांमधली वस्तू घेतली असेल तर १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याच्या कलम ७५ नं बँक दुकानाइतकीच जबाबदार धरता येते, आणि मग कोर्टाची गरज सहसा पडत नाही. ही खरेदी डेबिट कार्डावरची होती. त्यावर फक्त 'चार्जबॅक', म्हणजे बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत, मागता येतो. तो कायदा नाही, कार्ड कंपन्यांचा आपसातला नियम आहे. दुकानानं तो फोटो पुढे केला आणि बँकेनं हात वर केले.

दाव्याआधी शेवटचं पत्र द्यावं लागतं, ते न देता गेलं तर न्यायाधीश नाराज होतात. त्यात ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम, काय झालं ते चार ओळींत, कलमाचा उल्लेख, आणि "१४ दिवसांत पैसे परत न आल्यास दावा करीन" एवढं असावं. रागाचं एक वाक्य नको, कारण हेच पत्र पुढे न्यायाधीशांसमोर जातं. पोस्टात खिडकीवर मागितलं की पत्र टाकल्याचा दाखला फुकट मिळतो, तो जपून ठेवायचा.

सगळ्यात जास्त दावे घसरतात ते कंपनीच्या नावावर. संकेतस्थळाचं नाव म्हणजे कंपनी नव्हे. चालवणारी एक, माल विकणारी दुसरी, आणि कधी तर तिसराच कुणीतरी फुटकळ विक्रेता त्यांच्या मांडवाखाली बसलेला. बिलावर विक्रेता म्हणून जे नाव छापलंय तेच घ्यायचं आणि सरकारी कंपनी-नोंदणीच्या संकेतस्थळावर त्याचा नोंदणीकृत पत्ता फुकट पाहायचा. नाव चुकलं की निकाल हातात असूनही वसूल करता येत नाही, कारण त्या नावाची कंपनीच नसते.

दावा ऑनलाइन भरतात. ५०० ते १,००० पौंडांच्या दाव्याला फी ७० पौंड. ती जिंकल्यावर परत मिळते, म्हणून मागणीतच लिहायची. वर्षाला ८ टक्के सरळ व्याजही मागता येतं. ६४९ वर ते दिवसाला जेमतेम १४ पेन्स होतं. यावर अप्पाकाका हसतील, हसू देत. व्याज मुद्दाम मागावं लागतं, मागितलं नाही तर कोणी आपणहून देत नाही.

कोर्ट कागद कंपनीला पाठवतं. पाच दिवसांनी ते पोचले असं धरतात आणि पुढे १४ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यांनी मुदत मागितली तर २८. उत्तरच आलं नाही तर एकतर्फी निकाल मागता येतो. मोठ्या कंपन्यांत कधीकधी कागद चुकीच्या टेबलावर पडून राहतो आणि असा निकाल लागतोही, पण मग त्यांचा वकील जागा होतो आणि निकाल रद्द करायचा अर्ज टाकतो. म्हणून त्यावर नाचू नये. बहुतेकदा मात्र याच टप्प्यावर ईमेल येतो: "सद्भावना म्हणून ६४९ परत करतो, दावा मागे घ्या." फी आणि व्याज त्यात नसतं. ते मागायचं, लेखी घ्यायचं, आणि खात्यात पैसे दिसल्याशिवाय दावा मागे घ्यायचा नाही.

माझ्या दाव्यात कंपनीनं उत्तर दिलं आहे, "पार्सल पोचवलं" एवढंच. आता मध्यस्थी. मे २०२४ पासून अशा दाव्यांत ती सक्तीची आहे. फुकट, फोनवर, तासाभराची. दोन्ही बाजू एकमेकांशी बोलतच नाहीत. मध्यस्थ इकडे फोन करतो, तिकडे फोन करतो, आकडा घेऊन येतो-जातो. लग्नाच्या बोलणीतल्या मामासारखं, फक्त चहापोह्यांशिवाय. तिथे काय बोललो ते न्यायाधीशांना कळत नाही, म्हणून मोकळेपणानं आकडा सांगता येतो. मात्र आपला खालचा आकडा आधीच कागदावर लिहून ठेवायचा, नाहीतर फोनवर माणूस उगाच नमतं घेतो. माझा आकडा मी ठरवलाय: मुद्दल आणि फी पूर्ण, व्याज सोडायला तयार.

तिथे जमलं नाही तर सुनावणी. त्याची फी वेगळी, ८५ पौंड, आणि नेमलेल्या तारखेपर्यंत भरली नाही तर दावा रद्द होतो. फीची तारीख विसरून लोक हरतात, कायद्यामुळे नाही. कागदांचा गठ्ठा सुनावणीआधी, सहसा १४ दिवस, कोर्टाला आणि कंपनीला पोचला पाहिजे: ऑर्डर, बँकेची नोंद, तो फोटो, आमच्या खऱ्या दाराचा आणि पत्रपेट्यांचा फोटो, चॅट, पत्र, पोस्टाचा दाखला, आणि "हे खरं आहे" असं लिहून सही केलेलं माझं निवेदन. सगळ्याला पानांचे क्रमांक घालायचे, म्हणजे न्यायाधीशांना "पान ११ पाहा" असं म्हणता येतं. कोर्ट म्हणजे आई, सिनेमातला पिंजरा नाही. साधी खोली, टेबल, टेबलापलीकडे न्यायाधीश, डोक्यावर टोपबिप काही नाही. प्रश्न तेच विचारतात. त्या दिवसाचा पगार बुडाला तर जिंकल्यावर दिवसाला ९५ पौंडांपर्यंत आणि जाण्यायेण्याचा खर्च मागता येतो.

निकालानंतरही पैसे आपोआप येतात असं नाही. महिन्याभरात भरले नाहीत तर कंपनीचं नाव सहा वर्षं कोर्टाच्या निकालांच्या जाहीर नोंदवहीत राहतं. ६०० पौंडांच्या वरचा निकाल हायकोर्टाच्या वसुली अधिकाऱ्यांकडे देता येतो. मोठी कंपनी सहसा तिथवर जाऊ देत नाही.

हे सगळं लिहिण्यामागे एक कारण ताईचा फ्रिजही आहे. दार वाकडं आलेलं, माल परत नेला, आणि पैसे अजून "प्रक्रियेत". तिला सांगा, रोज त्या हेल्पलाइनला फोन करणं बंद कर. आपल्याकडच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. त्याला लेखी ईमेल कर. महिना उलटला की १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तरी नाही हललं तर सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असली तरी. मुदत दोन वर्षं. आपल्याकडचा हा कायदा इथल्यापेक्षा स्वस्त आहे, वेळ मात्र जास्त खातो, ते अप्पाकाकांचं खरं.

आता पैशांचं. या महिन्यात नेहमीपेक्षा कमी पाठवले ते लॅपटॉपमुळे. कामासाठी दुसरा घ्यावाच लागला. मनूच्या लग्नाच्या कार्यालयाचा दुसरा हप्ता माझाच आहे, तो मी पुढच्या पगाराला पूर्ण पाठवते, बाबांनी एफडी मोडू नये. मोडली नसेल ना? आई गप्प होती म्हणून विचारते.

कोर्टाच्या फॉर्मवर विचारतात, कोणत्या तारखांना येता येणार नाही. तिथे मी मनूच्या लग्नाचा पूर्ण आठवडा आणि हळदीच्या आधीचे दोन दिवस भरलेत, म्हणजे सुनावणी त्यात पडणार नाही. साखरपुड्याला मात्र जमणार नाही. दोन तिकिटं आत्ता नाही झेपत. मनूला मी अजून सांगितलेलं नाही, तुम्ही सांगू नका, मीच बोलते. व्हिडिओवर असेनच, फोन तेवढा मंगूआत्याच्या हातात देऊ नका, ती तासभर छत दाखवते.

मुंबईच्या स्थळाबद्दल आईनं दोनदा विचारलं. फोटो पाहिला, माणूस बरा दिसतो. लग्नाला येईन तेव्हा भेटते म्हणावं, त्याआधी त्यांच्याकडे शब्द टाकू नका. आणि कोर्टाचं त्यांच्यापासून लपवायचं काही कारण नाही. विचारलंच तर सांगा, मुलीनं स्वतः दावा लावलाय आणि कागद चोख ठेवलेत.

अप्पाकाकांना नमस्कार. आई, बीपीची गोळी.

तुमची,
रेवा