रात्रपाळीची ड्युटी-लिस्टही चौकशीत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयात रुग्ण दगावल्याची बातमी आली की तिचे शेवटचे वाक्य मला न वाचताही सांगता येते: ‘कर्तव्यावरील परिचारिकेस निलंबित करण्यात आले असून चौकशी समिती नेमण्यात आली आहे.’ मी ३३ वर्षे राज्याच्या आरोग्य सेवेत होते, त्यातली शेवटची नऊ परिसेविका, म्हणजे बोलीभाषेत इन्चार्ज सिस्टर. अशा दोन समित्यांपुढे मला बसावे लागले. त्यातल्या एका रात्रीबद्दल लिहिते.

माझ्याकडे फिमेल मेडिकल आणि त्याला लागून असलेला पीएनसी, म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड, असे दोन होते. दोन्ही मिळून खाटा ६०. त्या रात्री रुग्ण ७१. अकरा जणी गाद्या टाकून खाली. नाइटला सिस्टर एक. वय २६, कंत्राटी, रुजू होऊन चार महिने झालेले. दोनच्या सुमारास पीएनसीत एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. पोरीने डॉक्टरांना कॉल दिला, सलाइन लावले, गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन सुरू केले, पोटावरून गर्भाशय चोळत उभी राहिली. दोन मजल्यांना मिळून असलेला एकुलता एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, रक्तपेढीकडे धावला. चाळीस मिनिटे ती त्या खाटेपासून हलली नाही, आणि बाई वाचली. त्याच चाळीस मिनिटांत पलीकडच्या वॉर्डात जुनाट दम्याची एक आजी तोंडावरचा मास्क काढून बसली आणि गेली. तिची नात दोनदा दारापर्यंत येऊन हाका मारून गेली होती.

समितीने विचारले, आजींच्या चार्टवर दोननंतर नोंद का नाही? नातेवाइकांच्या हाकेला प्रतिसाद का दिला नाही? मुलीने खरे ते सांगितले. महिनाभराने तिला एका ओळीचे पत्र मिळाले, सेवा समाप्त. वाचलेल्या बाळंतिणीचा उल्लेख अहवालात नव्हता. तो असण्याचे कारणही नव्हते म्हणा. जे घडत नाही त्याची चौकशी कोण लावते?

त्या रात्रीची ड्युटी-लिस्ट मी केली होती. खाली सही माझी. दोन वॉर्डांसमोर एकच नाव लिहिणारा हात माझा होता, आणि हे मला टाळता येत नाही. पण ते नाव एकटे का पडले, त्याचा हिशेब सांगते. माझ्या दोन वॉर्डांच्या वाट्याला कागदावर १४ सिस्टर होत्या. त्यातल्या तीन जागा रिकाम्या. उरल्या अकरा. दोघी प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे. पगार आमच्या आस्थापनेवर, काम भलतीकडे. एक बाळंतपणाच्या रजेवर, एक दीर्घ आजारी. हातात राहिल्या सात. प्रत्येकीने आठवड्याचे सहा दिवस केले तर होतात ४२ पाळ्या. सकाळी राउंड, इंजेक्शने, ड्रेसिंग, डिस्चार्ज असे सगळे एकदम येते म्हणून तिघी, दुपारी दोघी, रात्री एक. सहा गुणिले सात, बेचाळीस. हिशेब बरोबर जुळतो, फक्त त्यात कोणाला ताप येण्याची सोय नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयातल्या सामान्य वॉर्डासाठी पाच खाटांमागे एक परिचारिका आणि वर ३० टक्के रजा राखीव असा आहे. म्हणजे ६० खाटांना बारा, राखीव धरून पंधरा-सोळा. आमच्या मंजूर जागाच चौदा होत्या, आणि खाली झोपलेल्या अकरा जणी तर कुठल्याच निकषात बसत नाहीत.

मी ती लिस्ट समितीपुढे ठेवली. अध्यक्ष साहेबांनी ती हातातही घेतली नाही. म्हणाले, “सिस्टर, हा प्रशासकीय विषय आहे. आपण इथे क्लिनिकल बाजू बघतोय.” माझे सारे म्हणणे या एका वाक्याविरुद्ध आहे. रात्री दोन वाजता एका बाईला दोन वॉर्डांत उभे करता येत नाही, याहून अधिक क्लिनिकल बाजू कोणती?

महाराष्ट्र हे विसरला असेल असे नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण गेले. अटक झाली ती एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. कोण दोषी होते ते न्यायालय ठरवील. मी फक्त बेडी कोणत्या पायरीपर्यंत चढते आणि कुठे थांबते ते पाहते आहे. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात. तेव्हा एका खासदारांनी अधिष्ठात्यांना, म्हणजे डीनना, शौचालय साफ करायला लावले आणि ते चित्रण सगळ्यांनी पाहिले. सफाईगारांची मंजूर पदे किती आणि प्रत्यक्ष हजर किती, हे विचारताना मात्र मला कॅमेऱ्यासमोर कोणी दिसले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांचा तपशील मागितला, तेव्हा कुठे हा प्रश्न योग्य टेबलावर गेला.

आमच्यात सगळ्या देवता आहेत असे मी म्हणत नाही. नातेवाइकांवर खेकसणाऱ्या, नाइटला खुर्ची सोडायला तयार नसलेल्या सिस्टर मी पाहिल्या आहेत आणि त्यांना मेमोही दिले आहेत. ज्याची चूक त्याला शिक्षा व्हावीच. पण खुर्चीत बसून राहिलेल्या बाईला मी नोटीस देऊ शकत होते. जी खुर्चीच चार वर्षे रिकामी आहे तिच्यासाठी नोटीस कोणाच्या नावे काढायची?

हा प्रश्न मी निवृत्तीनंतर खरोखरच विचारला. माहितीच्या अधिकारात अर्ज केला: अमुक तीन पदे कोणत्या तारखेपासून रिक्त आहेत, ती भरण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर आहे, भरण्याची मुदत काय? कलम ६(३) खाली अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात हस्तांतरित झाला. प्रत्येक टप्प्यावर मला रीतसर पत्र आले, एवढे कौतुक केले पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. उरलेल्या दोहोंपुढे लिहिले होते, ‘अभिलेखात माहिती उपलब्ध नाही.’ मला यात लपवाछपवी वाटत नाही. उत्तर प्रामाणिक आहे. रिक्त पदाला आपल्याकडे मालकच नाही. रुग्णालय दरमहा रिक्त पदांचा अहवाल वर पाठवते, वरचे कार्यालय त्याचे एकत्रीकरण करून आणखी वर पाठवते, मग बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता), आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), वित्त विभागाची मान्यता. प्रत्येक जण आपला कागद वेळेवर पुढे ढकलतो. मी स्वतः वर्षानुवर्षे तोच आकडा खोडून पुन्हा तोच लिहिला आहे.

आता याची तुलना पाहा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर पदनिर्देशित, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या, अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. म्हणजे दाखल्याला उशीर झाला तर दंड आहे. ज्या कक्षात बाळ जन्मले तिथली सिस्टरची जागा तीन वर्षे रिकामी ठेवली तर रुपयाचाही नाही.

पैसा नाही, हे उत्तर येईल. ते सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच नाकारले आहे. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार घेऊन एकामागून एक सरकारी रुग्णालये फिरला. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. न्यायालयाने हा अनुच्छेद २१ च्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि आर्थिक अडचणीची सबब राज्याला सांगता येणार नाही असे बजावले. आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावा असे लिहिले आहे. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही पोहोचलेला नाही.

माणसे मिळत नाहीत, हे दुसरे उत्तर. तज्ज्ञ डॉक्टरांच्या बाबतीत, विशेषतः ग्रामीण रुग्णालयांत, ते बरेचसे खरे आहे आणि त्यावर सोपा उपाय माझ्यापाशी नाही. सिस्टरच्या बाबतीत मला ते पटत नाही. जाहिरात निघाली की अर्जांचा ढीग पडतो. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड च्या परीक्षा झाल्या, पेपर फुटला, प्रकरण पोलिसांत गेले आणि अभ्यास करून बसलेल्या मुलामुलींची वर्षे वाया गेली. वॉर्ड तेवढा काळ कोण सांभाळत होते? ज्यांना अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर ठेवले आहे त्या कंत्राटी मुली. ऑर्डरच्या मधे एक दिवसाचा खंड, पुन्हा नवी ऑर्डर. त्यांना काढायला एक ओळ पुरते, आणि म्हणूनच चौकशीची गाडी हमखास त्यांच्यापाशी येऊन थांबते.

माझी मागणी मोठी नाही. मृत्यूच्या चौकशी अहवालाचे पहिले पान त्या पाळीचे असावे: खाटा किती, रुग्ण किती, सिस्टर किती, डॉक्टर किती, मावशी-मामा किती, आणि कमतरता वर कळवल्याची शेवटची तारीख कोणती. हे पान कोरे असलेला अहवाल स्वीकारूच नये. प्रत्येक रिक्त पदासमोर ते भरण्यास जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि मुदत लिहावी. मुदत उलटली तर दाखल्याच्या कारकुनाला लागते तीच शास्ती त्या अधिकाऱ्यालाही लागावी. आणि रुग्णालयाच्या दाराशी, जिथे मंत्र्यांच्या शुभेच्छांचे फलक लागतात तिथेच, वॉर्डवार तीन आकडे रोज लिहावेत: मंजूर, भरलेली, आज प्रत्यक्ष हजर. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण प्रतिनियुक्तीची सगळी गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मधे लपते. या फलकासाठी नवा कायदा लागत नाही. अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये २००५ पासून आहे. एक फळा आणि खडू लागेल.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी करताना निलंबित झालेल्या बाईचे नाव छापण्याआधी त्या रात्री तिच्यासोबत आणखी कोण ड्युटीवर होते, एवढे विचारा. बहुतेक वेळा उत्तर छापायला अर्धी ओळही लागणार नाही.

ती मुलगी आता खासगी रुग्णालयात आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली तेव्हा पाया पडली. मला मान वर करून बोलता आले नाही. त्या महिन्याच्या ड्युटी-लिस्टची छायाप्रत मी निवृत्त होताना घरी आणली आहे. नियमात बसते की नाही ठाऊक नाही. तिची चौकशी कोणी पुन्हा उघडणार असेल तर ती घेऊन यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका

(माझी सून याच सेवेत कंत्राटी आहे, म्हणून नाव व जिल्हा प्रसिद्ध करू नये.)