रजिस्टर माझ्याकडे वळवून तुम्ही खाली गेलात

भाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणाला होतात, "मॅडम, नाव-बिव कुठे टाकू नका, उगाच वर्दळ वाढेल." म्हणून शाळेचं नावही गाळते. पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे, कारण ज्यांनी आधी मला हात हलवत परत पाठवलं त्यांच्यापैकी कुणाच्या तरी नजरेला ते पडावं अशी माझी फार इच्छा आहे.

आईची खरी जन्मतारीख शोधत तुमच्याआधी ज्या कचेरीत गेले होते तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "जुनं रेकॉर्ड २६ जुलैच्या पुरात गेलं." ती कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. २००५ साली मुंबईत पाणी कमी आलं नव्हतं हे मला माहीत आहे, मी स्वतः परळला कमरेएवढ्या पाण्यातून घरी आले होते. पण तिसऱ्या मजल्यावर चढलेलं काही ऐकिवात नाही. दुसऱ्या ठिकाणी खुर्चीच्या पाठीला नॅपकिन, टेबलावर चष्म्याचं घर, डोक्यावर पंखा फुल स्पीडवर, आणि माणसाचा पत्ता नाही. "साहेब आत्ताच बाहेर गेलेत." जेव्हा जावं तेव्हा साहेब आत्ताच बाहेर गेलेले. घरचेही कमी नाहीत. आमचे एक नातेवाईक म्हणाले, "गेलेल्या माणसाची जन्मतारीख आता काय चित्रगुप्ताला दाखवायची आहे?"

तर, माझी आई गेल्या हिवाळ्यात बर्मिंगहॅमला वारली. वर्षश्राद्धाच्या सुमाराला तिथल्या तिच्या मराठी मैत्रिणींना तिच्यावर एक लहानशी पुस्तिका काढायची आहे. त्यांनी विचारलं, जन्म कधीचा, शाळा कुठली? पासपोर्टवर तारीख होती १ जून १९३५. आता १ जून म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, मास्तर वय अंदाजाने धरायचे आणि अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी लावून टाकायचे. खरी तारीख कुठेतरी असेल म्हणून मी निघाले होते. तुमच्यापर्यंत कशी पोचले ती कहाणी लांबलचक आहे, सोडून देते.

आई बालपणाबद्दल फार बोलायची नाही. जे बोलायची ते सगळं लढाईच्या दिवसांतलं. तिचं माहेर मांडवीला, गोदीच्या अंगाला. आजोबा गोदीत हमाल. दिव्याला काळा कागद गुंडाळलेला असायचा. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं तेव्हा रांगेत आपली जागा धरायला आजी तिलाच उभी करायची. त्याच साली भोकाचा पैसा निघाला. धातू वाचवायला सरकारने मधोमध भोक पाडलेलं ते नाणं पोरी दोऱ्यात ओवून गळ्यात घालायच्या. तसला एक पैसा तिच्या पर्समध्ये अखेरपर्यंत होता. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलने तिच्या वस्तूंची जी पिशवी दिली तिच्यात निघाला.

आणि १४ एप्रिल १९४४. शुक्रवार, दुपारचे चार वाजून गेलेले. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट उभी होती. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, सोबत कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसाने पेट घेतला आणि अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. दूर शिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली म्हणतात. आई यातलं काहीच सांगायची नाही. ती एवढंच सांगायची, की आकाशातून पेटता कापूस पडत होता आणि आजीने सगळं घर टाकून फक्त रेशनच्या तांदळाचा डबा उचलला. आजोबा त्या दिवशी कामासाठी भायखळ्याकडे आले होते म्हणून वाचले.

पुढचं सगळं मला पाठ आहे. नर्सिंग केलं, परळच्या एका गिरणीतल्या जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, लग्न केलं, मी झाले. १९६५ साली मी चार वर्षांची असताना ती नर्स म्हणून इंग्लंडला गेली. त्या काळी परदेशी जाणाऱ्या माणसाला जवळ तीन पौंड नेता यायचे. तीन पौंड, दोन नऊवारी, दोन पाचवारी आणि आजीने दिलेला मेतकुटाचा डबा. तिथे गेल्यावर परदेशातून आलेल्या बऱ्याच मुलींसारखं तिलाही कमी दर्जाच्या, एस.ई.एन.च्या (स्टेट एनरोल्ड नर्स) कोर्सला घातलं. इथे शिकून, वॉर्ड सांभाळून गेलेली बाई पुन्हा बेडपॅनपासून सुरुवात करत होती. एअरोग्रामच्या निळ्या कागदात ती हे कधी लिहायची नाही. त्यात असायचं "इकडे थंडी फार. तू वरणभात नीट जेव."

वडिलांना मुंबई सोडवेना आणि तिला नोकरी सोडवेना. सुट्टीवर आली की कॅडबरीचे डबे, लोकरीचे स्वेटर, आणि चाळीतल्या बायकांचे टोमणे. "लेकरू टाकून गेली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कुठल्या खोलीतून येणार हेही मला आधी कळायचं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, वडिलांचा पगार थांबला तो थांबलाच. तेव्हा टोमणे मारणाऱ्या दोन घरांत तिने पाठवलेल्या पैशांतून उसने गेले. परत आले नाहीत, पण टोमणे तेवढे बंद झाले. असो.

आता तुमच्याकडे येते.

तुम्ही मला काउंटरबाहेर उभं ठेवलं नाहीत. फळी उचललीत आणि म्हणालात, "आत या, बसा. हे काम उभ्याने होत नाही." मग नाकाला रुमाल बांधून कपाटाच्या तळातून ती रजिस्टरं काढलीत. लाल कापडी बांधणी, कडेला वाळवीने कुरतडलेली, पानं पापडासारखी झालेली. बोटाला थुंकी लावून पान उलटणारे मी आयुष्यभर पाहिले. तुम्ही पट्टीच्या टोकाने एकेक पान सोडवत होतात. १९४३चं रजिस्टर झालं. ४२चं झालं. डबा खायची वेळ टळून गेली तरी तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. मध्ये एकदा म्हणालात, "आईंचं माहेरचं आडनाव पुन्हा सांगा, ळ की ल?"

१९४१च्या रजिस्टरात नाव सापडलं ते तुम्हाला. मला कळलं, कारण तुमची पट्टी थांबली. दुसरा कुणी असता तर ओरडून सांगितलं असतं, "हे बघा, सापडलं!" आणि मोठ्याने वाचून दाखवलं असतं, बाजूच्या टेबलावरच्यांना बोलावलं असतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. लाकडी पट्टी त्या ओळीखाली सरळ लावलीत, रजिस्टर उचलून माझ्याकडे वळवलंत, आणि म्हणालात, "मी जरा खाली जाऊन चहा घेऊन येतो." आणि गेलात.

भाऊ, ऐंशी वर्षांपूर्वीचं सरकारी दफ्तर एका अनोळखी बाईच्या हाती एकटं सोडून जाणं तुमच्या नियमात बसतं का, मला ठाऊक नाही. बहुधा नसेलच. बाईला एकटीला वाचू द्यावं, एवढाच विचार तुम्ही केला असणार. सरकारी माणूस जागेवर नाही म्हणून मी जन्मभर चरफडत आले. त्या दिवशी मात्र समोरची खुर्ची रिकामी होती, आणि मला हवं तेवढा वेळ हवं तसं बसता आलं. तुम्ही चहाला इतका वेळ लावलात की टपरी गोदीत असावी असं वाटलं.

जन्मतारखेच्या रकान्यात काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. १ जून १९३५. तिथेही मास्तरांचीच कृपा. पण मी त्या रकान्यावर थांबलेच नाही. पालकाचा धंदा, गोदी कामगार. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याची तारीख, एप्रिल १९४४. आणि कारणाच्या रकान्यात, जिथे वरच्या-खालच्या ओळींत "बदली" किंवा नुसती आडवी रेघ आहे, तिथे निळ्या शाईत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "घर जळाले. गावी."

लढाईचे दिवस, सेन्सॉर कडक. स्फोटाची बातमी इथल्या वर्तमानपत्रांत कित्येक दिवस धड आली नव्हती. आणि एका मास्तरांनी तिसरीतल्या मुलीच्या नावापुढे ती साध्या दोन शब्दांत लिहून ठेवली होती. त्याच ओळीच्या शेवटी शेऱ्यात पुढचा नंबर दिलेला होता, म्हणून आपण नंतर ते दुसरं रजिस्टर काढलं. जून १९४५, पुन्हा दाखल, इयत्ता तिसरी. म्हणजे वर्ष गेलं होतं. गावाहून परत आल्यावर ती आपल्याहून लहान मुलींत बसली होती. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. पुढे तीस वर्षांची झाल्यावर बर्मिंगहॅमला अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करताना तिला हा वर्ग आठवला असेल का, हे विचारायला आता ती नाही. पण "लेकरू टाकून गेली" म्हणणाऱ्या बायकांना मला ते पान दाखवायला आवडलं असतं. आठव्या वर्षी घर गेलेली मुलगी ती. पैसे मिळवणारी बाई घरात असली पाहिजे, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या स्फोटात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आई एप्रिलमध्ये इथे असली की मला भायखळ्याच्या फायर ब्रिगेडला न्यायला लावायची, स्मारकापुढे उभी राहायची आणि म्हणायची, "सगळे पळत होते तिकडून, आणि ही माणसं तिकडे चालली होती." तुमची तुलना त्यांच्याशी केली तर तुम्ही संकोचाने टेबलाखाली जाल, म्हणून करत नाही. पण माणसाची जात एकच. आपल्याला नेमून दिलेल्या कामापेक्षा वीतभर जास्त करायचं आणि ते कुणाच्या लक्षातही येऊ द्यायचं नाही. या शहरात अशी माणसं आहेत, म्हणून हे शहर चाललंय. नाहीतर तिसऱ्या मजल्यावर पूर आणणारे आहेतच.

पुस्तिकेत त्या पानाची नक्कल छापायची म्हणतात. तिथल्या मैत्रिणींनी जन्मतारीख १ जूनच ठेवायचं ठरवलंय. त्यातल्या तिघींची तीच आहे.

आता कामाचं. मी दुसऱ्या दिवशी पेढे पाठवले होते. तुमच्या शिपायाने ते तुमच्यापर्यंत पोचवले की वाटेतच संपले, तेवढं कळवा. दुसरं, त्या रजिस्टरांना निदान प्लास्टिकच्या पेट्या तरी हव्यात. तुम्ही मागणी करून थकलात म्हणालात. पेट्या मी आणून देते, पण देणगीची पावती वगैरे भानगड नको. आणि तिसरं, पुढच्या महिन्यात तुम्ही रिटायर होताय. वहिनींना घेऊन एका रविवारी परळला जेवायला या. सुरमई आणून ठेवेन. माळकरी असाल तर आधी सांगा, मग डाळिंब्यांची उसळ करते. पण त्यासाठी वाल आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात, तेव्हा आयत्या वेळी फोन करू नका.

तुमची,
परळची एक बहीण