मागच्या गाडीचा ब्रेक कोण दाबणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन फिरणाऱ्या मराठी मंडळींवर लेख आला होता, तो मी इथे कोलोराडोत बसून वाचला आणि आवडला, फोटो तर फारच छान होते. त्यातल्या एका फोटोत मोठं मोटरहोम होतं आणि त्याच्या मागे टो बारने, म्हणजे ओढायच्या दांड्याने, जोडलेली छोटी कार, चारही चाकं रस्त्यावर. खाली लिहिलं होतं की मुक्कामाला पोचलं की मोटरहोम उभं करून ठेवायचं, कार सोडवायची आणि फिरायला मोकळं. हे खरंय, आम्ही दोघं नवराबायको रिटायर झाल्यापासून असंच फिरतोय. पण अख्ख्या लेखात त्या मागच्या कारच्या ब्रेकबद्दल एक ओळ नव्हती. लेख वाचून कितीतरी जोडपी मोटरहोम घ्यायचा विचार करत असतील, आणि विकणारा माणूस ही गोष्ट आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून हे पत्र.

आम्हाला तर विचारूनही सांगितली नव्हती. जुनं मोटरहोम घेतलं, कारला पुढे बेसप्लेट, म्हणजे टो बार अडकवायची लोखंडी पट्टी, लावून घेतली, टो बार, सेफ्टी केबल, लाइटची वायर सगळं झालं आणि मी विचारलं की मागच्या गाडीला ब्रेकचं काय, तर विकणारा म्हणाला की मोटरहोमचे ब्रेक एवढे दणकट असतात की मागे कार आहे हे तुम्हाला जाणवणार पण नाही. सपाट रस्त्यावर खरंच जाणवत नाही, आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. पहिलं वर्ष आम्ही तसेच फिरलो.

मग एका रविवारी दुपारी आय-७० हायवेवरून डेन्व्हरकडे उतरत होतो. हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल, वर ११ हजार फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा आणि तिथून खाली शहरापर्यंत उतार, मध्येच रस्ता जरा सोपा वाटायला लागतो तिथे ट्रकवाल्यांसाठी पाट्या लावल्यात की फसू नका, अजून ४ मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत. त्याच टापूत वळण घेतलं आणि समोर सगळ्या गाड्यांचे लाल दिवे, ट्रॅफिक उभं. मी ब्रेक दाबला, आणखी दाबला, जोर लावून दाबला. मोटरहोम हळू होत होतं पण मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटत होतं, आणि खरंच ढकलत होतं, साडेतीन हजार पौंडांची, म्हणजे साधारण १,६०० किलोची कार. शेवटी उजवीकडे शोल्डर, म्हणजे रस्त्याच्या कडेची पट्टी, मोकळा होता तिकडे घेतलं आणि पुढच्या गाडीच्या बाजूने जाऊन थांबलो. त्या गाडीत मागच्या सीटवर दोन मुलं होती, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. ब्रेकचा जळका वास येत होता. ही काही बोलली नाही, मीही नाही, अर्धा तास तिथेच बसून होतो.

घरी आल्यावर कागद घेऊन हिशोब मांडला. आमच्यासारखी बरीच क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराची, मोटरहोम फोर्डच्या ई-४५० चॅसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) बांधलेली असतात, त्यात गाडीचं स्वतःचं जास्तीत जास्त वजन १४,५०० पौंड आणि मागे जोडलेल्या वजनासकट एकूण २२,००० पौंड असे दोन आकडे दिलेले असतात. लोक काय करतात, पहिला दुसऱ्यातून वजा करतात आणि म्हणतात अरे वा, साडेसात हजार पौंड ओढता येतात. (हिच, म्हणजे मागे गाडी अडकवायची जोडणी, कितीची आहे तेही बघावं लागतं, पुष्कळदा ती ५,००० पौंडांचीच असते.) पण दुसरा आकडा मागच्या ओझ्याला स्वतःचे ब्रेक आहेत असं धरून दिलेला असतो. इंजिन, गिअरबॉक्स, चॅसिस एवढं ओढू शकतात म्हणून मोटरहोमचे ब्रेक तेवढं थांबवू शकतात असं होत नाही, ते पहिल्या आकड्यासाठी बनवलेले असतात, आणि चॅसिस बनवणाऱ्यांच्या मॅन्युअलमध्येही ठरावीक वजनाच्या वर मागच्या गाडीला वेगळे ब्रेक हवेत असं लिहिलेलं असतं, पण ते पान वाचतो कोण.

आता समजा हे १४,५०० पौंडांचं मोटरहोम ताशी ६० मैलांवरून, म्हणजे साधारण ९६ किलोमीटरवरून, जोरात ब्रेक लावून २४० फुटांत थांबतं. मागे ३,५०० पौंडांची बिनब्रेकची कार लावली की ब्रेकचा जोर तेवढाच आणि वजन १८,००० पौंड, म्हणजे थांबायला २९८ फूट लागणार. ५८ फूट जास्त. हे ऐकून कोणी म्हणेल की ५८ फूट म्हणजे काय फार झाले, म्हणून दुसरा हिशोबही केला की जिथे एरवी आपण पूर्ण थांबलो असतो त्या जागी बिनब्रेकची कार मागे असताना वेग किती उरलेला असेल. उत्तर येतं ताशी २६ मैल, म्हणजे जवळजवळ ४२ किलोमीटर. एवढ्या वेगाने आठ टनांवर वजन कोणाच्या तरी गाडीवर जाऊन आदळणार. आणि हे सपाट रस्त्यावर, ब्रेक गार असताना. सहा-सात टक्के उतारावर ब्रेक आधीच तापलेले असतात तेव्हा चित्र आणखी वाईट. वळणावर तर मागची गाडी नुसती पुढे ढकलत नाही, मोटरहोमचं मागचं टोक बाजूला लोटायला बघते.

गंमत अशी नाही की मागच्या कारला ब्रेक नसतात. चारही चाकांना उत्तम ब्रेक असतात, पेडल दाबायला आत पाय नसतो एवढंच. त्या पायाची सोय म्हणजेच ही पूरक ब्रेक सिस्टीम, आणि तिच्यात बरेच प्रकार आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे पेटी, ब्रेक बडी वगैरे नावाने मिळते तशी, ड्रायव्हरच्या सीटपुढे खाली ठेवायची, तिचा दांडा पेडलला अडकवायचा, सीट पुढे ओढून पेटीला मागून टेकू द्यायचा, मोटरहोमने वेग कमी केला की पेटीतला सेन्सर ओळखतो आणि दांडा पेडल दाबतो. दुसरा प्रकार कारमध्ये कायमचा बसवायचा, इन्व्हिझिब्रेकसारखा, सीटखाली असतो, दिसत नाही, रोज काढाघालायची कटकट नाही. ज्यांचं मोटरहोम मोठं डिझेल आहे आणि त्याला एअर ब्रेक आहेत त्यांच्यासाठी एअर फोर्स वन सारखी सिस्टीम असते जी मोटरहोमच्याच हवेच्या दाबावर चालते, त्यामुळे पुढे जेवढा ब्रेक तेवढाच मागे. आणि एक साधा यांत्रिक प्रकार, टो बार दाबला गेला की केबल ओढली जाते आणि केबल पेडल ओढते, वीज नाही काही नाही.

यातलं कुठलं घ्यावं हे ज्याच्या त्याच्या गाडीवर आहे. माझं मत विचाराल तर एकच कार कायम ओढणार असाल तर बसवून घ्या, कारण पेटी रोज हाताने लावावी लागते आणि माणूस दमलेला असला की चुकतो. मी चुकलोय. आमच्या कारच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की दिवसभर ओढायची असेल तर मध्ये थांबून इंजिन थोडा वेळ चालू करा म्हणजे गिअरबॉक्समध्ये तेल फिरतं. मी ते इमानदारीने करायचो. पण इंजिन चालू केलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागात, पुन्हा व्हॅक्यूम तयार होतो, आणि पेटी लावायच्या आधी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबून तो व्हॅक्यूम काढून टाकायचा असतो, पेडल कडक लागेपर्यंत. ते मी सकाळी केलं होतं, दुपारी इंजिन चालू केल्यावर विसरलो. पुढच्याच सिग्नलला पेटीने नेहमीच्या जोराने पेडल दाबलं पण आता बूस्टरची मदत होती, कारची पुढची चाकं लॉक झाली, चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस बंद असल्याने त्याचाही उपयोग नाही, आणि दोन्ही टायर एका जागी घासून सपाट झाले. आम्हाला मोटरहोममध्ये फक्त एक धक्का जाणवला. टायर बदलावे लागले, पण निदान त्या दिवशी समजलं की सूचनांमधलं हे एक वाक्य का लिहिलेलं असतं.

उलटी भीतीही असते आणि ती जास्त वाईट, मागचा ब्रेक लागला आणि सुटलाच नाही. पुढे एवढं मोठं इंजिन असल्यावर मागे एक कार ब्रेक लावून घासत येतेय हे कळत नाही, ड्रम किंवा डिस्क तापत जाते, टायर फुटतो, आग लागू शकते. काही पेट्या नुसत्या वेग कमी होण्यावर चालतात, त्यांना लांब उतारावर इंजिन ब्रेक (खालच्या गिअरमध्ये इंजिननेच वेग रोखणं) वापरला तरी वाटतं की ड्रायव्हरने ब्रेक मारलाय आणि त्या मैलोन् मैल पेडल दाबून ठेवतात. म्हणून घेताना विचारा की मोटरहोमचे ब्रेक लाइट लागले असतील तरच ती पेडल दाबते का. आणि डॅशबोर्डवर एक छोटा दिवा हवाच, मागच्या कारचा ब्रेक लागला की पेटणारा. मी पाय काढला आणि दिवा विझला नाही तर गाडी बाजूला घ्यायची, पुढचा एक्झिट येऊ दे वगैरे नाही. आम्ही तेलपाण्याला थांबलो की चारही चाकांना हाताने नाही, लांबून तापमान दाखवणाऱ्या थर्मामीटरने बघतो, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर काहीतरी बिघडलंय.

ब्रेकअवे स्विच हा वेगळा विषय पण तितकाच गरजेचा. टो बार तुटला किंवा पिन निघाली तर एक बारीक केबल ओढली जाते, स्विच चालू होतो आणि कार स्वतःच ब्रेक लावून थांबते. ही केबल सेफ्टी चेनला बांधायची नाही, थेट मोटरहोमला बांधायची, नाहीतर सगळं एकत्र सुटेल तेव्हा ती ओढलीच जाणार नाही. आणि हा स्विच आणि पेटीसारख्या सिस्टीम कारच्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे मोटरहोममधून चार्जची एक वायर मागे दिलेली असावी, नाहीतर संध्याकाळी बॅटरी उतरलेली आणि ब्रेकही गेलेला.

कायद्याचं म्हणाल तर इथे प्रत्येक राज्याचं वेगळं, बऱ्याच राज्यांत ट्रेलरला ३,००० पौंडांच्या वर ब्रेक लागतात, आणि टो केलेली कार त्यात धरायची की नाही यावर लोक वाद घालत बसतात. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. उतारावर समोर ट्रॅफिक उभं असतं तेव्हा आपण कोणत्या राज्यात आहोत याने थांबायचं अंतर बदलत नाही. सिस्टीमला हजार डॉलरच्या वर खर्च येतो, बसवायची मजुरी वेगळी, ही रक्कम लहान नाही हे मान्य, पण लाखभर डॉलरचं मोटरहोम घेताना ती हिशोबातच धरावी.

आता आमचा रोजचा नेम असा आहे की निघायच्या आधी ही मोटरहोममध्ये बसून ब्रेक दाबते आणि मी मागे कारच्या खिडकीशी उभा राहून पेडल खाली जातंय का आणि सोडल्यावर पूर्ण वर येतंय का ते बघतो, मग हात वर करतो. दोन मिनिटं लागतात. आमच्या गाड्यांची पूजा म्हणा हवं तर.

तुम्हाला एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली एक ओळ टाका, मागच्या कारला वेगळी ब्रेक सिस्टीम लावलेली असावी म्हणून. आणि ज्यांच्यावर लेख होता त्या जोडप्याने ती लावलेली नसेल तर माझं हे पत्र त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा, फोटोत त्यांच्या कारच्या खिडकीतून ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली आणि पेडलपाशी मोकळी जागा दिसत होती, तेव्हापासून मला चैन नाही. बसवलेली सिस्टीम असेल तर ती दिसणार नाही, तसं असेल तर उत्तमच, पण त्यांना एकदा विचारा.

आपला,
एक नियमित वाचक
डेन्व्हर, कोलोराडो