बाबा, हे पत्र तुमचं तुम्ही वाचा

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आम्ही तिघंही सुखरूप परत आलो. कणकुंबीला येऊनच सगळं सांगणार होते, पण जांबोटीच्या पुढं पाऊस असा लागलाय की हे गाडी काढू देईनात. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, त्यात तिथली रेंज. म्हणून लिहायला बसले. आई, तू वाचून दाखवू नकोस. बाबांना चष्मा दे, त्यांचं त्यांना वाचू दे.

बाबा, निघताना तुम्ही म्हणाला होता, "बर्फ बघायला एवढ्या लांब कशाला?" बर्फ फारसं दिसलंच नाही. जूनमध्ये दादाच्या गावी, कॅनडातल्या व्हाइटहॉर्सला, स्वेटरसुद्धा दुपारी काढून ठेवावा लागत होता. वहिनीनं दारात टोमॅटो लावलेत. आई, तुझी शेंगाचटणी दादानं पहिल्याच रात्री उघडली आणि नुसत्या भाताबरोबर खाल्ली. मांडे मात्र वाटेत चुरले. तो चुराही त्यानं दुधात घालून संपवला.

चौथ्या दिवशी दादानं आम्हाला उत्तरेला नेलं. आम्हाला जायचं होतं ते इनुविक गाव व्हाइटहॉर्सपासून सुमारे १,२०० किलोमीटर. सुरुवातीला डांबरी रस्ता आहे, पण डॉसन गावाच्या अलीकडे ४० किलोमीटरवर डेम्पस्टर हायवेचा फाटा लागतो आणि तिथून इनुविकपर्यंत साडेसातशेच्या आत-बाहेर नुसती खडी. फाट्यावर टाकी भरली की पुढचा पंप ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला. मधे गाव नाही, हॉटेल नाही, फोनही लागत नाही. बेळगावहून निघालो आणि पुण्यापर्यंत एक चहाची टपरीसुद्धा लागली नाही, असं समजा. डोंगर, ओढे आणि हातभर जाडीसुद्धा नसलेली वाकडीतिकडी झाडं. पुढं पुढं तीही संपतात.

तुम्ही विचारणार हे मला माहीत होतं, म्हणून दादाला विचारून घेतलं: एवढा श्रीमंत देश आणि रस्ता डांबरी का नाही? तिकडं खालची जमीन बारा महिने गोठलेली असते. ती वितळली की रस्ता खचतो. म्हणून जमिनीवर खडीमातीचा जाड भराव घालून त्यावरून रस्ता नेलाय. थंडीत आपण वाकळ घेतो ती ऊब आत राहावी म्हणून, इथं ऊब जमिनीपर्यंत जाऊ नये म्हणून वाकळ घातलीय. काळं डांबर तर ऊन ओढून घेणार. १९७९ साली रस्ता सुरू झाला, तेव्हापासून त्याची डागडुजी चालूच आहे. इनुविक गावात पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळसुद्धा जमिनीखाली पुरत नाहीत, खांबांवरून घरोघर नेलेत.

वाटेत दोन नद्या लागतात, पील आणि मॅकेन्झी. पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोटीवर गाडी चढवायची, पैसे घेत नाहीत. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरूनच गाड्या जातात. आणि नदी धड गोठलेली नाही, धड मोकळीही नाही, अशा दिवसांत पलीकडची गावं रस्त्यानं तुटतात. पावसाळ्यात ओढा चढला की आपली वस्तीची बस अलीकडेच थांबायची आणि तुम्ही घरी यायचा नाहीत, ते मला तिथं काठावर उभी असताना आठवलं.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

पहिल्या दिवशी दुपारी डावीकडचं मागचं चाक बसलं. तिथली खडी पाटीच्या तुकड्यासारखी धारदार असते, म्हणून दादानं दोन स्टेपन्या घेतल्या होत्या. हे घाईनं खाली उतरले, तर दादा म्हणाला, "भावजी, थांबा." आधी त्यानं पुढच्या चाकाला दगडाची उटी लावली. हातानं ढकलून बघितली. मग नट सैल केले, एक सोडून एक, आणि त्यानंतर जॅक लावला. काढलेले नट टोपीत घातले आणि टोपी सीटवर ठेवली. बाबा, टोपीत. डास असे चावत होते की आमचा चिरंजीव रडायला आला होता, पण दादानं काम भरभर केलं नाही. चाक बसवून झालं, दहा किलोमीटर गेल्यावर पुन्हा गाडी उभी केली आणि सगळे नट परत आवळले. मी विचारलं, हे कुठं शिकलास? तो म्हणाला, "अनमोड घाटात. बाबांनी मला बॅटरी धरायला उतरवलं होतं. मी नववीत होतो."

दुसऱ्या दिवशी अस्वल आडवं आलं, दोन पिल्लं घेऊन. दादानं गाडी लांबच उभी केली, हॉर्न नाही, कुणाला काच खाली करू दिली नाही. वीस मिनिटं. जांबोटीच्या जंगलात गवे आडवे आले की तुम्ही असंच करायचा आणि मागचे लोक ओरडायचे.

इनुविकला सूर्य मावळत नाही. वर्षातले पन्नासहून जास्त दिवस तो खाली येतो, टेकडीला टेकतोय असं वाटतं, आणि तसाच आडवा सरकत पुन्हा वर चढतो. रात्री बारा वाजता उन्हात मी आणि दादा बाहेर बसलो होतो. तेव्हा तो म्हणाला, "मी फोन केला की बाबा 'बरं हाय' म्हणतात आणि आईकडे देतात. मी इतक्या लांब आलो म्हणून त्यांनी मला सोडून दिलं की काय?" त्याला तुमच्या कानाचं ठाऊकच नव्हतं, बाबा. तुम्ही दोघांनी सांगितलं नाही, मीही सांगितलं नव्हतं. माझं चुकलं. मी तिथंच सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून गाडीची चाकं बघून आला.

या गणपतीला तो येणार आहे, चौघंही येणार आहेत. तिकिटं काढण्याआधी त्याला तुमच्या तोंडून "ये" ऐकायचंय.

रविवारी सकाळी आठला फोन येईल. तिकडं शनिवारचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील. आई, कानातल्या मशीनचा सेल बदलून ठेव. नवी पाकिटं या पत्राबरोबरच पाठवलीत. देवळाजवळ चढावर रेंज चांगली येते, छत्री घेऊन तिथं जा. आणि बाबा, फोन आईकडे देऊ नका. रस्त्याबद्दल विचारा. त्याला खूप सांगायचंय.

तुमची,
बाळी